माझ्या नावाचं शिंगरू

आदरणीय दादा,

धाकट्या गोंबोसुरेनचा नमस्कार. उन्हाळा सुखाचा चालला आहे ना? तब्येत, रक्तदाब, डावा गुडघा? जनावरं लठ्ठ आहेत ना, असंही रीतीप्रमाणे विचारायला हवं. पण राजधानीतल्या आठव्या मजल्यावर तुमच्याकडे जनावर म्हणजे एक मांजर, तेव्हा मांजर लठ्ठ आहे ना? समोर असतो तर दोन्ही हातांनी तपकिरीची बाटली पुढे केली असती, तुम्ही ती हुंगून परत दिली असतीत, आणि गवत कसं आहे यावर आपण तासभर काढला असता. पत्रात ती सोय नाही. आमच्याकडे सगळं शांत आहे. (हे वाक्य रीतीचं. आधी सगळं शांत आहे म्हणायचं आणि मग मेलेल्या उंटाकडे वळायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला नको तो विषय निघाला की तुमच्या इमारतीतला सिग्नल जातो. पत्राचा जात नाही. शिवाय हे पत्र आणणारा जीपवाला चोयजिल तुम्ही ते शेवटपर्यंत वाचेपर्यंत तुमच्याकडे चहा पीत बसणार आहे, तसं त्याला बजावलं आहे. त्याच्याबरोबर सुकवलेल्या दह्याची पिशवी दिली आहे, ती तुमची. रिकामी पोचली तर त्याच्याशी भांडा, माझ्याशी नको.

तर ओर्ला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही म्हणून सांगतो: आमच्या आवारातल्या दुसऱ्या गोल तंबूत, गेरमध्ये, राहणारी, शाळेत इंग्रजी शिकवायला आयर्लंडहून स्वतःहून आलेली मुलगी. केस तांबड्या घोड्याच्या रंगाचे, उंची गेरच्या दारापेक्षा बरीच जास्त, आणि त्यामुळे कपाळावर कायम एक टेंगूळ. आमच्या गावाला याआधी असे दोन स्वयंसेवक मिळाले. पहिला नोव्हेंबरात बुटाचा तळवा जमिनीला चिकटलेला बघून गेला. दुसरी वर्ष पुरं करून गेली, पण शेवटचे काही महिने ती वर्गात मुलांपेक्षा नकाशाकडेच जास्त बघायची. वर्ष संपलं की या लोकांना आणखी एक वर्ष मागून घेता येतं. आमच्या गावात अजून कोणी मागितलेलं नव्हतं. ओर्लाचं वर्ष ऑगस्टमध्ये संपणार होतं. वसंत लागल्यापासून मुख्याध्यापिका तिला जिन्यात गाठून विचारायच्या, आणि ओर्ला म्हणायची, बघते, आईशी बोलते. तिची आई दर रविवारी फोन करते आणि दुलमाच्या मते रडते. (दुलमाला इंग्रजी येत नाही. रडणं कळतं.)

तुमच्या भावजयीचं, म्हणजे दुलमाचं, तुम्हाला सांगायला नको. आमची पोरगी लग्न होऊन कोरियाला गेल्यापासून ती दोन माणसांसाठी पाचांचं रांधत होती. उरलेलं कुत्र्याला जायचं, आणि कुत्रा उठेनासा झाला होता. ओर्ला आली आणि कुत्रा बारीक झाला. यंदा ऐन उन्हाळ्यात दुलमा कोकराच्या कातडीचं अस्तर लावून हिवाळी देलाचा झगा शिवायला बसली, ओर्लाच्या मापाचा. मी म्हटलं, अगं, ती ऑगस्टमध्ये चालली. तर म्हणाली, ‘तुम्ही हवामानाचं बघा.’ (हवामान केंद्रातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण घरात मला अजून एवढंच खातं आहे.) तेव्हा या वर्षी आमच्या घरात प्रश्न एकच होता: ओर्ला राहते की जाते. मी, घोडा आणि माझी अब्रू, हे सगळं त्यानंतरचं.

पोरगी गुणी आहे, पण शिष्टाचार सांगावा तसा पाळते, आणि तिथेच घोळ होतो. आली त्या हिवाळ्यात आमच्या दारावर टकटक करून बाहेर उभी राहायची. आत आम्ही एकमेकांकडे बघतोय की कोण खिळे ठोकतंय. शेवटी पापण्यांवर बर्फ घेऊन उभी असलेली दुलमाला दिसली. दुलमाने समजावलं, आमच्यात दार वाजवत नाहीत. कुंपणापाशी आल्यावर ‘कुत्रा धरा!’ म्हणून ओरडायचं आणि सरळ आत यायचं. दुसऱ्या दिवशी ओर्ला मुख्याध्यापिकांच्या खोलीत तशीच ‘कुत्रा धरा!’ म्हणत शिरली. आत जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी बसले होते. ते पाय वर घेऊन बसले आणि सगळी बैठक संपेपर्यंत त्यांनी ते खाली ठेवले नाहीत.

आता घोड्याकडे येतो. चांद्र नववर्षाच्या दिवशी घरात पाहुण्यांची दाटी, मांस भरून वाफवलेल्या बूझांची परात भरलेली, आणि ओर्लाने उठून वडीलधाऱ्यांना म्हणायचं ते सगळं लांबलचक शुभचिंतन न अडखळता म्हटलं. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. माझा तिसरा पेला चालू होता. (चौथा असेल.) मला भरून आलं, मी उभा राहिलो आणि म्हणालो, सोदनोम राखतो त्या आपल्या कळपातलं तांबडं शिंगरू आजपासून तुझं.

दादा, अशा वेळी पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दिलेला घोडा कळपातच राहतो. घेणारा खूश, देणारा खूश, घोड्याला पत्ता नाही. वर्षातून एकदा त्याने विचारायचं, ‘माझा घोडा कसा आहे?’ आपण म्हणायचं, ‘लठ्ठ आहे.’ आमच्या टपालवाल्याचे असे सबंध तालुक्यात नऊ घोडे आहेत आणि त्याला घोड्यावर बसता येत नाही. ओर्ला दुसऱ्या दिवशी सकाळी दोर घेऊन दारात उभी.

मी म्हटलं, आता थंडी आहे. मग म्हटलं, आता वारे आहेत. मग म्हटलं, आता घोड्या विताहेत. ती दर वेळी ‘बरं’ म्हणायची आणि शनिवारी सोदनोमच्या तळापर्यंत चालत जाऊन शिंगराला भेटून यायची. मे महिन्यात सोदनोमच मोटारसायकलमागे शिंगरू बांधून आमच्या दारात आला. म्हणाला, ‘घे बाबा तुझं दान. ही पोरगी येऊन त्याच्या गळ्यात पडते, बाकीच्या घोड्या लाजून टेकडीपलीकडे जातात. मला दूध काढायचं असतं.’

शिंगरू आवारात आलं आणि ओर्लाने विचारलं, याचं नाव काय? मी म्हटलं, तांबडं. ती म्हणाली, तो तर रंग झाला. मी म्हटलं, मग? जे दिसतं ते म्हणायचं. तिला ते पटेना. तिच्या देशात म्हणे घरातल्या जनावराला माणसाचं नाव देतात, आणि तेही ज्याच्यावर फार जीव आहे अशा माणसाचं. तिच्या आजोबांच्या गाईला तिथल्या पाद्रीबुवांच्या बहिणीचं नाव होतं आणि पाद्रीबुवांची बहीण नाताळात त्या गाईला भेट पाठवायची. काही दिवस विचार करून एका सकाळी चहा पिताना तिने जाहीर केलं की शिंगराचं नाव गोंबोसुरेन.

दुलमा घाईने बाहेर गेली. शेणीच्या ढिगामागून तिचा आवाज येत होता, तो खोकल्याचा नव्हता.

वडिलांचं नाव सांगायची वेळ आली तर अजून माझा आवाज खाली जातो. आपल्या घरात मोठ्या माणसाचं नाव कोणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नाही. आणि इथे माझं नाव घोड्याला. पण ओर्ला माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला पदक मिळालंय आणि ते तिने स्वतः घासून आणलंय. मला नाही म्हणता आलं नाही. त्यात आणखी दुलमाने (हे मी तिला माफ केलेलं नाही) तिला शिकवलं की वडीलधाऱ्याचं नाव कधी नुसतं घेऊ नये, मागे गुआई लावावं आणि मानाने बोलावं. ओर्ला शिकवलेलं विसरत नाही. त्या दिवसापासून सबंध गावाने माझं नाव ऐकलं: ‘गोंबोसुरेन गुआई, थांबा! गोंबोसुरेन गुआई, ते खाऊ नका, ती मुख्याध्यापिकांची ओढणी आहे! अहो, रस्त्यात काय करताय!’

त्यातून ती त्याच्यावर बसायची नाही. लहान आहे, त्याची पाठ दुखेल, म्हणायची. दोर धरून त्याला गावातून फिरवायची, स्वतः पायी, घोडा पायी. लोक मोटारसायकल थांबवून विचारायचे, घोडा आजारी आहे का? मग विचारू लागले, तू आजारी आहेस का? आणि शेवटी एके दिवशी ती दुकानात गेली आणि सगळ्यांदेखत काळजीने म्हणाली की गोंबोसुरेन गुआई कालपासून लोळतायत, पोट फुगलंय, आणि मला वाटतं त्यांना जंत झालेत. त्या दिवशी दुपारपासून आमच्याकडे माणसं यायला लागली. दही आलं, अस्वलाच्या पित्ताची कसलीशी पुडी आली, पलीकडच्या म्हातारीने माझ्याभोवती जुनिपरचा धूर फिरवला. मी दारात उभा राहून म्हणतोय, मी बरा आहे, आणि बायका एकमेकींना म्हणतायत, बघ गं, कसा धीर धरलाय. संध्याकाळी गुरांचा डॉक्टर पुरेव आला. त्याला खरं काय ते कळलं होतं, तरी त्याने मला खाली बसवलं, माझा ओठ वर केला आणि दात बघितले. ‘वय लपवतोस, गोंबो,’ म्हणाला.

मी त्या रात्री दुलमाला सांगितलं की उद्या शिंगरू कळपात परत जाणार. दुलमा म्हणाली, ‘पाठवा. आणि ऑगस्टमध्ये तिलाही पाठवा.’ शिंगरू आवारातच राहिलं.

जूनमध्ये ओर्लाने विचारलं, आपला गोंबोसुरेन नादामच्या जत्रेतल्या शर्यतीत धावेल का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि दुलमाने माझ्या पायावर पाय दिला. मग माझ्या लक्षात आलं की पोरीचं इथे काहीतरी धावणारं असलं तर ती ते बघायला थांबेल, आणि थांबायची सवय लागली तर राहील. म्हणून म्हटलं, का नाही धावणार? माझे दादा शर्यतीचे घोडे तयार करतात, सबंध प्रांतात त्यांचं नाव आहे, आमच्या रक्तातच आहे ते. दादा, रक्तात असेलही, पण ते सगळं थोरल्याकडे गेलं. घोडा किती वेळ बांधून ठेवायचा, चारा केव्हा बंद करायचा, पळवून आणल्यावर लाकडी पट्टीने घाम कसा निपटायचा आणि तो चाखून घोडा तयार आहे की नाही ते कसं सांगायचं, हे सगळं तुम्ही करताना मी लहानपणी पाहिलं होतं. म्हणजे पाहायला बसलो होतो. बसलो की झोप यायची.

तरी मी पहाटे उठू लागलो. शिंगरू खांबाला बांधायचं, चारा बंद करायचा, ऊन चढायच्या आत टेकडीला वळसा घालून आणायचं. ते माझ्यामागे पळत नसे म्हणून मी त्याच्यापुढे पळायचो. शेजारचे म्हणायचे, ‘कोणता गोंबोसुरेन तयार करताय, गुआई?’ आणि एवढं करून शिंगरू दिवसेंदिवस बाळसं धरतंय. मला वाटलं आपल्या तळ्याकाठच्या गवतातच काहीतरी आहे. मग एकदा मी विसरलेली टोपी घ्यायला मागे फिरलो तर ओर्ला त्याला पिठाच्या तळलेल्या बोर्त्सोग भरवत होती. बांधून उपाशी ठेवलेला घोडा तिला बघवत नव्हता. मी पाठ फिरवली की गाजरं, पाव, दुलमाच्या बोर्त्सोग. दुलमाच तळून देत होती. मी घाम चाखला तो गोड लागला.

आता नादाम. आमचा नादाम लहान, पण दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीला या वर्षी बरीच गर्दी होती. सोदनोमची नात स्वार झाली. आम्ही सगळे शेवटच्या रेघेपाशी. लांब धूळ दिसली, पहिला आला, लोक धावले, त्याचा घाम अंगाला लावायला झोंबाझोंबी झाली. मग दुसरा, मग पाचवा, मग बाकीचे घोळक्याने. धूळ बसली. लोक कुस्ती बघायला वळले. ओर्ला टाचा उंचावून बघतच होती. (तिला टाचा उंचवायची गरज नाही, पण उंचावल्या.) फार वेळाने एक एवढीशी धूळ दिसली. तिला धूळ म्हणणंही जास्त झालं. आमचं शिंगरू चालत येत होतं, सोदनोमची नात त्याला काय काय बोलत होती ते इथे लिहीत नाही, आणि रेघेच्या अलीकडेच ओर्ला दिसली तसं ते थांबलं आणि तिच्या खिशात तोंड घातलं. रेघ त्याने खिशाच्या मागे मागे ओलांडली.

मी मान खाली घालून दोर हातात घेतला, तर घोड्यावरून स्तुती गाणारा म्हातारा कर्णा घेऊन आमच्याकडेच आला. मी विसरलोच होतो, दादा. पहिल्या पाचांसारखीच दोन वर्षांच्या शिंगरांत शेवटच्याचीही स्तुती गातात ना! त्याने ओर्लाला विचारलं, पोरी, कोणाचं शिंगरू, काय म्हणतात? आणि ओर्लाने सांगितलं, पूर्ण, मानाने.  म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटले आणि कर्णा तोंडाला लावला.

भरल्या पोटाचा, महासागरापलीकडच्या ओर्लाचा, तांबडा गोंबोसुरेन गुआई, असं त्याने उचललं. दोष तुझा नव्हे, वाटेत दगड होते. दोष तुझा नव्हे, स्वार कोवळी होती. दोष तुझा नव्हे, तुला तयार करणाऱ्याला काही कळत नव्हतं. (इथे म्हातारा जरा जास्तच रेंगाळला.) पुढच्या वर्षी तू हजारांच्या पुढे असशील, तुझी धूळ बाकीचे खातील. तिकडे आखाड्यात एकमेकांना धरलेले दोन पैलवान हसून हसून सुटले आणि पंचांना कुस्ती पुन्हा लावावी लागली. पुरेव माझ्याशेजारी येऊन म्हणाला, ‘अभिनंदन. इतकी वर्षं शेवटचा येतोयस, गाणं आज झालं.’

पण ओर्ला रडत होती. म्हाताऱ्याने शिंगराच्या पाठीवर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा आयराग ओतला, उरलेला स्वाराला दिला, आणि ओर्ला दुलमाचा हात धरून विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला तो? दुलमाने सोप्या शब्दांत सांगितलं: शेवटचा आला म्हणून वाईट वाटून घेऊ नको, पुढच्या वर्षी पहिला येशील.

‘पुढच्या वर्षी?’ ओर्ला म्हणाली.

‘तसं म्हणाला ना तो.’

ओर्लाने नाक पुसलं, शिंगराच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘मग ठीक. मी आहेच ना इथे.’

दुलमा टेकड्यांकडे बघू लागली. मी दोर सोडून खाली बसलो. दादा, ती स्तुती आपण बापजाद्यांपासून गातोय, पण तिचं बोलणं असं तारखेसकट मनावर घेतलेलं कोणी पाहिलं होतं का? सोमवारी मुख्याध्यापिकांनी स्वतः घरी येऊन सांगितलं की कागद गेले, ओर्ला आणखी एक वर्ष राहणार. येताना त्या ती चावलेली ओढणी घालून आल्या होत्या. तेव्हा माझं नाव गावभर झालं त्याचं मला काही वाटत नाही. सांगितलं ना, सगळं शांत आहे.

गुडघ्याला जपा. मांजराला खायला घाला.

आपला धाकटा भाऊ,
गोंबोसुरेन (दोन पायांचा)

ता. क. चोयजिलची जीप शुक्रवारी परत निघते. मधली अख्खी बैठक तुमच्यासाठी धरली आहे, गुडघा लांब करून बसता येईल. पुढच्या वर्षी शिंगरू तीन वर्षांच्या घोड्यांत धावणार, तिथे शेवटच्याला गाणं नाही. मला घोडा तयार करता येत नाही हे कर्ण्यातून जाहीर झालेलं आहे. मांजरही आणा.

आणखी एक. तुम्ही येताय असं मी ओर्लाला सांगून टाकलं आहे. तिने सुट्टीतल्या वर्गाला सांगितलं, आणि त्या मुलांना सध्या इंग्रजीत ‘दादा शुक्रवारी येणार आहेत’ हे एकच वाक्य बिनचूक येतं. ती मला ते रस्त्यात म्हणून दाखवतात.

आणि हे शेवटचं. दुलमाने आत्ता हे पत्र वाचलं आणि हसता हसता चहा सांडला, वरचा डाग त्याचा. ओर्लाने राहायचं जूनमध्येच ठरवलं होतं म्हणे, देलाचं माप देताना. तिची आईही कधीच कबूल झाली, लोकरीचे मोजे पाठवलेत तिने. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं, मग मी पहाटे उठून, गावाचं हसू झेलत, टेकडीभोवती धावलो ते कशासाठी? दुलमा म्हणाली, ‘तीन वर्षं तुम्ही दारात बसून आभाळ बघत होतात. सांगितलं असतं तर परत जाऊन तिथेच बसला असता.’ यावर मी बराच विचार केला. वहिनी गेल्यापासून तुम्ही दिवसभर खिडकीतून मोटारी बघता, असं तुम्ही मागे एकदा फोनवर म्हणाला होतात. दादा, घोडा खरंच वाईट आहे. लठ्ठ, लाडावलेला, ऐदी, आणि खिसा दिसला की धावणं विसरतो. त्याच्यात वर्षभराचं काम आहे, कदाचित दोन वर्षांचं. या.